जहाज पाण्याबाहेर काढताना: एडविन क्लार्क आणि त्याचे बत्तीस खांब

(धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.)

समुद्रात उभ्या असलेल्या जहाजाच्या तळाचे काय होत आहे, हे वरून कधीच दिसत नाही. लाकडी तळ असेल तर भिरूड आतून पोखरत असते. लोखंडी असेल तर गंज चढत असतो. दोन्हींवर शेवाळ आणि शिंपलेधारी जीवांचे थर साचत जातात, जहाज जड होते, त्याची चाल मंदावते. म्हणून जगातल्या प्रत्येक किनाऱ्यावर एक काम अटळ ठरले आहे: ठरावीक मुदतीने जहाज पाण्याबाहेर काढणे, तळ खरवडणे, फटी बुजवणे, नवा लेप देणे. कोकणातला कोळी पावसाळ्यापूर्वी ओंडक्यांवरून होडी पुळणीवर ओढून घेतो, तो याच कामासाठी.

होडी दहा-वीस माणसे ओढू शकतात. हजार टनांच्या जहाजाला ओढणार कोण? याचे जुने उत्तर असे, की जहाजाला हलवू नये, पाण्याला हलवावे. किनाऱ्यालगत खड्डा खोदायचा, भरतीला जहाज आत घ्यायचे, दार लावायचे आणि पाणी बाहेर काढायचे. हीच सुकी गोदी. विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीत गिर्ये येथे खडक फोडून केलेली मराठेकालीन गोदी आजही पाहता येते. मुंबईत लवजी नसरवानजी वाडिया यांच्या देखरेखीखाली १७५० मध्ये सुकी गोदी बांधली गेली, आणि पुढे त्याच परिसरात कॉर्नवॉलिस (१८१३) आणि त्रिंकोमाली (१८१७) यांसारखी सागवानी लढाऊ जहाजे तयार झाली.

लाकडी जहाजांच्या काळात या गोद्यांवरचा भार बराच हलका झाला, तो तांब्यामुळे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश आरमाराने जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकायला सुरुवात केली. तांब्यावर भिरूड चालत नाही आणि शेवाळही फारसे धरत नाही. अशी जहाजे वर्षानुवर्षे गोदीत न येता फिरू शकत.

मग लोखंडी जहाजे आली आणि हा उपाय एकाएकी निरुपयोगी ठरला. खाऱ्या पाण्यात तांबे आणि लोखंड एकमेकांना चिकटून असले की लोखंड झपाट्याने झिजते. तांब्याचे पत्रे लावून लोखंडी जहाज वाचवायला जावे, तर त्याचा तळच खाल्ला जाई. उघड्या लोखंडावर मात्र शेवाळाने आणि शिंपल्यांनी बस्तान मांडावे! १८५० च्या दशकातल्या आगबोटीच्या मालकाला हे दुखणे रोज पैशात मोजावे लागे. तळ घाण झाला की त्याच वेगासाठी जास्त कोळसा जाळावा लागे, आणि कोळसा वाढला की मालासाठी जागा कमी उरे. ज्या कामासाठी पूर्वी जहाज काही वर्षांनी गोदीत येई, त्यासाठी आता ते वर्षातून एकदा-दोनदा येऊ लागले. गोद्यांची संख्या मात्र तेवढीच होती.

हा पेच लंडनमध्ये सर्वांत तीव्र होता. १८५५ साली टेम्स नदीकाठी व्हिक्टोरिया डॉक सुरू झाले. मोठ्या आगबोटी डोळ्यांसमोर ठेवून बांधलेले हे बंदर शहराच्या पूर्वेला प्लेस्टोच्या पाणथळीत होते. जमीन स्वस्त मिळाली, कारण ती चिखलाची होती. मालाची चढउतार करायला ती चालली. पण जहाजांच्या दुरुस्तीसाठी तिथे सुकी गोदी बांधायची म्हणजे दलदलीत खोल खड्डा खणून त्याला दगडविटांचा जाडजूड तळ आणि भिंती द्यायच्या. रिकाम्या गोदीला खालून भूजलाचा रेटा बसतो. गोदी पुरेशी जड नसेल तर तिचा तळच वर उचलला जातो. खर्च प्रचंड, आणि एवढे करून एका वेळी जहाज एकच.

दुसरे पर्यायही होते. स्कॉटलंडमधल्या लीथच्या थॉमस मॉर्टनने १८१९ मध्ये पेटंट घेतलेला उतार होता: रुळांवरच्या गाड्यावर जहाज बसवून ते साखळीने काठावर ओढून घ्यायचे. ही कोकणातल्या ओंडक्यांचीच मोठी आवृत्ती. पण चढावर ओढताना लांब जहाजाचे एक टोक आधी टेकते आणि दुसरे पाण्यात तरंगत राहते, त्यामुळे सांगाड्यावर विचित्र ताण येतो. शिवाय उताराला लांबच लांब जागा लागते. तिसरा पर्याय तरंगत्या गोदीचा. पोकळ भिंतींची एक मोठी पेटी पाणी भरून बुडवायची, जहाज आत घ्यायचे, आणि पाणी उपसून पेटी जहाजासकट वर आणायची. पुढे १८६९ मध्ये ब्रिटिश आरमाराने अशी एक महाकाय गोदी वॉरिअर आणि ब्लॅक प्रिन्स या लढाऊ जहाजांकरवी अटलांटिक पार ओढून नेऊन बर्म्युडाला ठेवली. तीही महागच.

व्हिक्टोरिया डॉकचे अभियंते जॉर्ज पार्कर बिडर यांच्यापुढे हा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर एडविन क्लार्ककडून आले. क्लार्क हा जहाजांच्या व्यवसायातला माणूस नव्हताच. तो पुलांच्या कामातून आला होता.

१८१४ मध्ये मार्लो येथे जन्मलेला क्लार्क रॉबर्ट स्टीफन्सनच्या हाताखाली वेल्समधल्या ब्रिटानिया पुलाचा निवासी अभियंता होता. मेनाय सामुद्रधुनीवरच्या या रेल्वेपुलाची कल्पना त्या काळी धाडसाचीच होती. लोखंडी पत्र्यांच्या आयताकृती नळ्या, ज्यांच्या पोटातून आगगाडी जाणार. मुख्य गाळ्यांच्या प्रत्येक नळीचे वजन दीड हजार टनांहून अधिक. नळ्या किनाऱ्यावर जोडल्या गेल्या, भरतीच्या वेळी पाँटूनांवर, म्हणजे पोकळ, सपाट तराफ्यांवर, तरंगत खांबांपाशी आणल्या गेल्या, आणि तिथून सुमारे शंभर फूट सरळ वर उचलल्या गेल्या. उचलण्याचे काम केले जलदाब यंत्रांनी.

जलदाब यंत्राचे तत्त्व थोडक्यात सांगता येते. बंदिस्त पाण्यावर एका ठिकाणी दाब दिला तर तो सगळीकडे सारखाच पोचतो. एक चौरस इंचाच्या लहान दट्ट्यावर दोन टनांचा जोर लावला, तर त्याच पाण्यावर टेकलेल्या शंभर चौरस इंचांच्या मोठ्या दट्ट्यावर दोनशे टनांचा जोर उमटतो. मोबदल्यात लहान दट्ट्या शंभर इंच सरकतो तेव्हा मोठा केवळ एक इंच वर जातो. जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये या यंत्राचे पेटंट घेतले. दट्ट्याभोवतीचे कातडी वायसर पाण्याच्या दाबानेच घट्ट बसेल अशी युक्ती त्याच्या कारखान्यात निघाली आणि मगच यंत्र खऱ्या अर्थाने वापरण्याजोगे झाले. तत्त्व जुने होते. सारे अडले होते गळतीपाशी.

ऑगस्ट १८४९ मध्ये मेनायवर पहिली मोठी नळी वर चढत असताना मुख्य दाबयंत्राच्या बिडाच्या नळकांड्याचा तळ अचानक फुटून निखळला. खाली असलेल्या एका कामगाराचा जीव गेला. नळीचे टोक खाली आले, पण काही इंचच. स्टीफन्सनने आधीपासून आग्रह धरला होता, की नळी जसजशी वर जाईल तसतसे तिच्याखाली बांधकाम भरत जायचे आणि मध्ये पोकळी ठेवायची नाही. तो आग्रह नसता तर दीड हजार टनांचे लोखंड सामुद्रधुनीत गेले असते. पूल मार्च १८५० मध्ये सुरू झाला. क्लार्कने त्याच वर्षी या पुलाच्या बांधणीवर दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

पाँटून आणि जलदाब, ही दोन्ही साधने क्लार्कने मेनायवर हाताळली होती. आठ वर्षांनी लंडनच्या चिखलात त्याने त्यांची सांगड घातली.

व्हिक्टोरिया डॉकच्या एका बाजूला, सुमारे साठ फुटांच्या अंतरावर, बिडाच्या पोकळ खांबांच्या दोन ओळी उभ्या राहिल्या. प्रत्येक ओळीत सोळा, एकूण बत्तीस. प्रत्येक खांबाच्या पोटात एक जलदाब यंत्र. दट्ट्याचा व्यास केवळ दहा इंच, वर जाण्याचा पल्ला पंचवीस फूट. दट्ट्याच्या डोक्यावर आडवा दांडा, त्या दांड्यापासून दोन्ही बाजूंनी खाली पाण्यात गेलेल्या लोखंडी पट्ट्या, आणि समोरासमोरच्या खांबांच्या पट्ट्यांना टांगलेली एक आडवी तुळई. अशा सोळा तुळया पाण्याच्या तळाशी समांतर पडलेल्या असत. दट्ट्ये वर गेले की त्या एकत्र वर येत. दहा इंच व्यासाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ साधारण ७८ चौरस इंच. चौरस इंचाला दोन टन दाब धरला तर एक खांब सुमारे १५७ टन उचलतो, आणि बत्तीस मिळून ५,००० टन. १८५८ साली ही गोदी कामाला लागली.

एवढेच असते तर ते एक मोठे उच्चालक यंत्र ठरले असते, आणि एका जहाजाची रंगरंगोटी होईपर्यंत दुसऱ्याने ताटकळत बसावे लागले असते. क्लार्कची खरी बुद्धी दिसते ती पुढच्या पायरीत. जहाज उचलायला लागतो जेमतेम अर्धा तास. त्याचा तळ खरवडून रंगवायला लागतात दिवस, दुरुस्ती असेल तर आठवडे. मग महागडे यंत्र आठवडाभर एका जहाजाखाली अडकवून का ठेवायचे? उचलणे हे एक काम आणि उचललेले धरून ठेवणे हे दुसरे. क्लार्कने ती वेगळी केली. उचलण्यासाठी खांब, धरण्यासाठी पाँटून.

वापराची रीत अशी होती. तुळयांवर आधी एक पाँटून ठेवत. हा वरून उघडा, काठ असलेला, सपाट लोखंडी तराफा. त्याच्या झडपा उघडून त्यात पाणी भरू देत आणि तुळयांसकट त्याला तळाशी सोडत. मग जहाज दोन ओळींच्या मधोमध आणून दोरांनी नेमके वर उभे करत. पाँटून हळूहळू वर येई, तोवर जहाजाचा कणा, ज्याला कोकणातले सुतार पठाण म्हणतात, मधल्या लाकडी ठोकळ्यांवर टेके. लगेच दोन्ही बाजूंचे ठोकळे साखळ्यांनी आत ओढून जहाजाच्या कुशीखाली सारत, म्हणजे ते कलंडू नये. मग सारे मिळून वर. पाँटून पाण्याबाहेर येताना त्यातले पाणी झडपांतून आपोआप गळून जाई. उपसायला पंप लागत नसे. पाणी निघून गेले की झडपा बंद करायच्या आणि तुळया खाली सोडायच्या. आता रिकामा झालेला पाँटून पाठीवर जहाज घेऊन स्वतःच तरंगू लागे.

एरवी वीस-बावीस फूट खोल पाणी मागणारे जहाज आता काही फूट पाण्यात तरंगत होते. त्याला ओढून बाजूच्या उथळ तळ्यांत नेत, जिथे खोल खोदाईची गरजच नव्हती. दलदलीत उथळ तळे करणे सोपे. जमिनीचा जो दोष सुक्या गोदीला नडत होता, तो इथे आड आला नाही. आणि यंत्र अर्ध्या-पाऊण तासात पुढच्या जहाजाला मोकळे.

इथे एक शंका कोणालाही यावी. तरंगत्या गोदीला उंच भिंती असतात. मग क्लार्कच्या पाँटूनला त्या का नव्हत्या? तरंगत्या गोदीचा धोक्याचा क्षण असतो तिचा तळ पाण्याखाली असताना. त्या वेळी पाण्याच्या पृष्ठभागाला भिडलेले फारसे काही नसते, आणि भिंती नसतील तर वरच्या जहाजाच्या वजनाने सारा डोलारा उलटू शकतो. भिंती त्या क्षणापुरता तोल सांभाळतात, आणि त्यांच्यासाठी शेकडो टन लोखंड लागते. क्लार्कच्या रचनेत त्या क्षणी पाँटून तरंगतच नसे. तो बत्तीस खांबांना टांगलेला असे. तो तरंगू लागे तेव्हा त्याची कड पाण्याच्या वर आलेली असे आणि रुंद तराफ्याचा स्वाभाविक तोल त्याला मिळालेला असे. म्हणून पाँटून स्वस्त, आणि म्हणून ते अनेक बांधता आले.

तोलाचाच दुसरा प्रश्न खांबांचा. बत्तीस दट्ट्ये एकाच वेगाने वर कसे न्यायचे? जहाजाचे वजन सर्वत्र सारखे नसते. मध्यावर बाष्पयंत्र आणि बॉयलर, टोकांना त्या मानाने हलका सांगाडा. प्रत्येक दट्ट्याचा पंप वेगळा ठेवला तर कोणी पुढे जाणार, कोणी मागे राहणार, आणि जहाज पिळले जाणार. सगळे एकाच नळीला जोडले तर त्याहून वाईट: पाणी जिथे ओझे कमी तिकडे धावते, म्हणजे हलकी बाजू वर आणि जड बाजू खाली. क्लार्कने बत्तिसांचे तीन गट केले. एका टोकाचे दोन्ही ओळींतले मिळून सोळा खांब हा एक गट. उरलेल्या टोकाला एका ओळीतले आठ हा दुसरा, समोरच्या ओळीतले आठ हा तिसरा. गटाच्या आत पाणी मोकळेपणाने फिरे, त्यामुळे त्यातल्या प्रत्येक दट्ट्यावर दाब सारखा. गटागटांत मात्र संबंध नाही. परिणामी बत्तीस खांबांवरचे जहाज प्रत्यक्षात तीनच बिंदूंवर बसलेले असे. चुलीचे तीन दगड कसेही मांडले तरी भांडे डुगडुगत नाही. चौथा दगड आला की पाचर शोधावी लागते. झडपांपाशी उभा असलेला एक माणूस तीन गटांचे पाणी कमीजास्त करून हजारो टनांचे जहाज पातळीत ठेवू शके.

यंत्र एकच असले तरी पाँटून निवडावा लागे. वेगवेगळ्या आकारांचे पाँटून ठेवलेले असत, आणि कोणता घ्यायचा हे जहाजाच्या लांबीवर जितके अवलंबून, तितकेच वजनावर. वजन म्हणजे कागदावरचे नव्हे, त्या दिवशीचे: कोळसा किती, माल उतरवला आहे की नाही. पाँटूनची तरंगण्याची ताकद त्याच्या लांबीभर सारखी विभागलेली. जहाजाचे वजन मात्र मध्ये एकवटलेले. लांबी जुळली म्हणून पाँटून घेतला आणि वजन जास्त निघाले, तर तुळया खाली गेल्यावर तो तरंगणारच नाही. लहान जहाजाखाली अवाढव्य पाँटून घातला, तर तो उगाच अडकून पडे. सुक्या गोदीत नेमके उलटे घडते: जहाज जितके लहान, तितके उपसायचे पाणी जास्त, म्हणजे छोट्या गिऱ्हाईकाचा खर्च अधिक. क्लार्कच्या गोदीत लहान जहाजाला लहान पाँटून आणि कमी पाण्याचा दाब पुरे.

१८६६ मध्ये क्लार्कने लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सपुढे या गोदीविषयी निबंध वाचला, तोवर तिने हजाराहून अधिक जहाजे उचलली होती. शेजारी टेम्सच्याच काठावर, मिलवॉल येथे, ग्रेट ईस्टर्न हे जगातले सर्वांत मोठे जहाज पाण्यात ढकलण्यासाठी जलदाब यंत्रांनी तीन महिने झुंज दिली होती आणि अखेर ३१ जानेवारी १८५८ ला ते सरकले होते. ती धडपड पाहायला सारे लंडन लोटले होते. त्याच सुमारास शेजारी उभ्या राहिलेल्या क्लार्कच्या खांबांकडे तितके लक्ष गेले नाही. जे यंत्र बिनबोभाट चालते त्याची गर्दी होत नाही, आणि इतिहासाच्या लोकप्रिय पुस्तकांतही मग त्याला जागा मिळत नाही.

या पद्धतीची यंत्रे पुढे माल्टात आणि मुंबईतही उभी राहिली. मुंबईचे यंत्र बंदरातल्या हॉग बेटावर होते. त्यामागची गरज समजण्यासारखी आहे. १८६६ च्या सुमारास हिंदुस्थानात सैन्य ने-आण करण्यासाठी क्रोकोडाइल, युफ्रेटिस, जम्ना, मलबार आणि सेरापिस ही पाच मोठी लोखंडी जहाजे बांधली गेली. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबई हे या वाहतुकीचे मुख्य बंदर बनले. उष्ण समुद्रात लोखंडी तळ लंडनपेक्षाही लवकर घाण होतो, आणि वाडियांच्या काळातल्या गोद्या सागवानी जहाजांच्या मापाच्या होत्या.

मुंबईचा पुढचा इतिहास मात्र पुन्हा दगडी गोद्यांचा झाला. १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक सुरू झाले, त्याला जोडून १८९१ मध्ये मेरवेदर ड्राय डॉक, आणि १९१४ मध्ये हजार फूट लांबीचा ह्यूजेस ड्राय डॉक. याचे नवल वाटायला नको. लंडनमध्ये क्लार्कचे यंत्र शोभले ते चिखलामुळे. मुंबईच्या पायाखाली काळा कातळ आहे आणि उधाणाच्या भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो, म्हणजे गोदीतले बरेचसे पाणी ओहोटीच फुकट काढून नेते. यंत्र उत्तम होते म्हणून ते प्रत्येक बंदराला योग्य होते, असे मानणे चुकीचे ठरेल.

लंडनमध्येही त्याचे दिवस मोजलेलेच होते. दोन ओळींतले अंतर साठ फूट, दट्ट्याचा पल्ला पंचवीस फूट. ही मापे १८५८ च्या जहाजांची. खांब जमिनीत रोवल्यावर अंतर वाढवता येत नाही. जहाजे मात्र रुंद, खोल आणि जड होत गेली. १८९० च्या दशकात ही गोदी बंद पडली.

क्लार्क मात्र तोवर दुसऱ्याच कामाकडे वळला होता. चेशर परगण्यात अँडर्टन येथे वीव्हर नदी आणि ट्रेंट अँड मर्सी कालवा अगदी जवळून जातात, पण कालवा नदीपेक्षा पन्नास फूट उंचावर. मीठ, चिनी माती, कोळसा, सारा माल हाताने किंवा घसरणीवरून उतरवावा लागे. त्यात वेळ जाई आणि मीठ वाया जाई. वीव्हरचे अभियंते एडवर्ड लीडर विल्यम्स यांनी बोटीच वर-खाली नेण्याचे ठरवले आणि आराखडा क्लार्ककडे सोपवला. १८७५ मध्ये अँडर्टनचे उच्चालक यंत्र सुरू झाले: ७५ फूट लांबीचे दोन लोखंडी हौद, पाण्याने भरलेले, आणि त्यांत तरंगणाऱ्या बोटी. बोट आत आली की ती स्वतःच्या वजनाइतके पाणी बाहेर ढकलते, म्हणून बोट असो वा नसो, हौदाचे वजन तेच, सुमारे २५२ टन. दोन्ही हौदांखालची नळकांडी एकमेकांना जोडलेली. खालच्या हौदातले सहा इंच पाणी कमी केले की वरचा खाली येऊ लागतो आणि खालचा वर जातो. वाफेच्या यंत्राची गरज शेवटच्या काही फुटांपुरतीच.

रचना देखणी होती. पण तिच्यात क्लार्कने लंडनची एक गोष्ट सोडून दिली. इथे बत्तीस खांब नव्हते. प्रत्येक हौदाखाली तीन फूट व्यासाचा एकच दट्ट्या आणि बिडाचे एकच नळकांडे. दाब लंडनपेक्षा पुष्कळ कमी होता, हे खरे. पण नळकांड्याच्या भिंतीवरचा ताण केवळ दाबाने ठरत नाही, व्यासानेही ठरतो. व्यास साडेतीनपट झाला की त्याच दाबाला भिंत साडेतीनपट ताणली जाते. आणि ती भिंत फुटली तर भार घ्यायला शेजारी दुसरे कोणी नाही.

१८८२ मध्ये ती फुटली. हौद वर कालव्याच्या पातळीला होता आणि त्यात बोट होती. हौद वेगाने खाली आला. फुटलेल्या नळकांड्यातून पाणी निसटायला जो वेळ लागला त्याने त्याची गती थोडी आवरली, आणि तळाशी नदीचे पाणी होते त्याने आघात झेलला. कोणी दगावले नाही. पाठोपाठ तपासणी करताना दुसरे नळकांडेही निकामी झाले, आणि यंत्र सहा महिने बंद राहिले. मेनायवर नळकांडे फुटले तेव्हा खाली विटादगड भरलेले होते, ते कोणीतरी विचारपूर्वक भरले होते म्हणून. अँडर्टनला नदीने वाचवले, ती तिथे होतीच म्हणून. दोन्ही वेळा बीड फुटले. फरक या दोन बचावांत आहे, आणि क्लार्कसारख्या अनुभवी माणसाच्या आराखड्यात तो दिसावा हे खटकते.

एकदट्ट्या रचना मात्र टिकली, कारण जोडीने तोल सांभाळण्याची युक्ती मोडणे कोणालाच परवडणारे नव्हते. बदलले ते नळकांडे. क्लार्कच्या कंपनीच्याच आराखड्यांवरून फ्रान्समध्ये फाँतिनेत आणि बेल्जियममध्ये ला लुव्हिएर येथे १८८८ मध्ये अशी यंत्रे सुरू झाली. ला लुव्हिएरला बिडाच्या नळकांड्यावर पोलादी कड्या घट्ट चढवण्यात आल्या. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवून चाक आवळून धरतात, तसाच हा प्रकार. बीड दाब सोसते, ताण सोसत नाही. बाहेरून आवळलेल्या पोलादाने तो ताण स्वतःवर घेतला. बेल्जियमच्या त्या कालव्यावरची चार यंत्रे आजही उभी आहेत आणि १९९८ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. अँडर्टनचे यंत्र १९०८ मध्ये विजेवर आले, १९८३ मध्ये बंद पडले आणि २००२ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा जलदाबावर सुरू झाले.

क्लार्क १८९४ मध्ये वारला. त्याच्या लंडनच्या खांबांपैकी आज काही उरलेले नाही, पण उचलणे आणि धरणे वेगळे करण्याची त्याची कल्पना १९५० च्या दशकात परत आली. मायामीच्या रेमंड पिअरल्सन या अभियंत्याने सिंक्रोलिफ्ट नावाने ती मांडली. दोन ओळी त्याच; फक्त दट्ट्यांच्या जागी तारेचे दोर आणि एकाच गतीने फिरणाऱ्या विजेच्या मोटारी. पाँटूनच्या जागी रूळ.

गोव्याच्या दक्षिणेला कारवारजवळ, भारतीय नौदलाच्या कदंब तळावर अशी एक लिफ्ट आहे, क्षमता १०,००० टन. तिचा मंच समुद्रात खाली जातो, युद्धनौका त्यावर येऊन ठोकळ्यांवर टेकते, मंच वर येतो. मग नौका चाकांच्या गाड्यांवरून आडवी सरकत कोरड्या धक्क्यावर जाते, आणि मंच पुढच्या नौकेसाठी पुन्हा पाण्यात उतरतो.